भातोडीचा प्रगणक

हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, त्यातलं माणसांना-जनावरांना किती आणि रब्बीला किती, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं. उसाला मनाई, केळीला मनाई, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई. पोपटराव पवारांच्या या गावाला एक गोष्ट नीट कळलेली आहे : जे वाटायचं असतं तेच मोजायचं.

आता तिथे दुसरा मोजणारा येणार आहे, तुमच्याआमच्याही दारात येणार आहे. १ मार्च २०२७ हा जनगणनेचा संदर्भदिन. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवली जाईल, आणि आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोयही आहे. म्हणजे ‘मी कोण’ हे मीच ठरवायचं, तेही ओटीपी टाकून.

नगर तालुक्याला हे जरा जड जाणार.

हिवरे बाजार ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यात भातोडी. १६२४ मध्ये तिथे निजामशाहीच्या फौजेनं मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकदम झोडपल्या. त्यासाठी तलाव फोडून शत्रूची छावणी चिखलात घातली. (पाण्याचं नियोजन या तालुक्याला नवीन नाही.) समजा, त्या दिवशी तिथे एखादा प्रगणक टॅब घेऊन पोचला असता.

पहिली नोंद सेनापतीची, मलिक अंबरची. जन्म इथिओपियात. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळंच. गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे हातोहात दख्खनेत आला. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही हबशीच. आता स्वतः वजीर, मुलगी निजामशहाला दिलेली. रहिवासाचा पुरावा? १६१० मध्ये खडकी वसवली, तिला नहरीनं पाणी आणलं. पुरावा म्हणून अख्खं शहर दाखवता येईल, फक्त पुढे त्याचं नाव औरंगाबाद झालं आणि मग तेही बदललं.

दुसरी नोंद धन्याची. निजामशाही घराण्याचा मूळपुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला, असं इतिहासकार फिरिश्त्यानं लिहून ठेवलंय. बहमनी फौजेनं त्याला लहानपणी पकडून नेलं आणि मुसलमान केलं. पुढे याच घराण्यानं पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडण काढलं. धर्म सुटला, पण वतन सुटेना. प्रगणकानं यांना कुठे टाकायचं?

तिसरी नोंद शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी यांची. मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांना त्याचंच नाव दिलं, अशी परंपरा सांगते. शरीफजी त्या दिवशी भातोडीला पडले. नावावरून माणूस ओळखणाऱ्यांनी ही नोंद करून दाखवावी.

समोरच्या पक्षाचं मात्र सोपं होतं. जहांगीर बादशहा अंबरच्या तुटक्या डोक्यावर बाण सोडतोय असं एक चित्र दरबारात रंगवून घेतलेलं आहे. सध्या ते डब्लिनच्या संग्रहालयात असतं. प्रत्यक्षात ते डोकं १६२६ मध्ये अंबर म्हातारपणी मरेपर्यंत धडावरच होतं. काळ्या माणसाला हरवता आलं नाही की त्याचा रंग मोजायला घेतात.

हा गोंधळ आपलाच म्हणून मिरवू नका. अटलांटिकपलीकडे तो जास्त मोठा आहे. मेक्सिकोनं २०२० च्या जनगणनेत पहिल्यांदा विचारलं, ‘तुम्ही स्वतःला आफ्रिकी वंशाचे मानता का?’ पंचवीस लाखांवर लोकांनी हात वर केला. इतकी शतकं ते तिथेच होते, फक्त कोणी विचारलं नव्हतं. अमेरिकेत वंश एका प्रश्नात आणि ‘लॅटिनो का?’ हे दुसऱ्या प्रश्नात. दोन्ही असलेल्यानं काय करायचं? २०२४ मध्ये दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरलं, तर आफ्रो-लॅटिनो मंडळींनाच धास्ती, की आता एकच खूण करून लोक मोकळे होतील आणि आपण पुन्हा गायब. ब्राझीलमध्ये २०१२ च्या कायद्यानं सगळ्या केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागा आल्या. मग गोऱ्यागोमट्यांनाही अचानक आपली आफ्रिकी पणजी आठवायला लागली. तेव्हा चेहरा बघून निकाल देणाऱ्या समित्या बसल्या.

हसू नका. आपल्या जात पडताळणी समित्या चेहरा बघत नाहीत, पण पणजोबांचा शाळेचा दाखला, कुलदैवत आणि लग्नातले विधी विचारतात. चालीरीतींची ही परीक्षा म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राच्याच खटल्यात २०२३ मध्ये सांगावं लागलं.

आणि चेहरा बघणारेही आपल्यात झालेच की. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यातले सिद्दी कोकणी, कानडी, मराठी बोलतात. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. १९८७ मध्ये क्रीडा प्राधिकरणाला ते एकदम दिसले : आफ्रिकी वंश म्हणजे ऑलिंपिकची पदकं. पोरं उचलून धावपट्टीवर आणली आणि काही वर्षांत योजनाच गुंडाळली. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला मात्र २००३ उजाडलं.

मग नगरचे हबशी कुठे गेले? गलबतात बसून परत गेले, अशी नोंद नाही. सरदार होते, शिपाई होते, त्यांना लेकरंबाळं होती. जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला, पाट्या बदलल्या. रक्ताला पाटी नसते, ते इथेच कोणाच्या तरी सातबाऱ्यावर मुरलं असणार. पण त्याचा दावा करायला एकही माणूस पुढे येत नाही. ब्राह्मण पणजोबा सगळ्यांना हवा, राजपूत पणजोबा तर रांगेत उभा असतो, हबशी पणजोबा कोणालाच नको.

ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला ‘पार्दो’, म्हणजे मिश्र वर्णाचे म्हटलं. ते गोऱ्यांपेक्षाही जास्त भरले. आपल्याकडे असा रकाना असता तर शंभर टक्के लोकांनी ‘गव्हाळ’ लिहिलं असतं. हिवऱ्यात, भातोडीत, नगरच्या चितळे रोडवर, सगळीकडे.

तर प्रगणक आला की जात लिहा, धर्म लिहा, मातृभाषा लिहा, आणि खरं लिहा. रंग तो विचारणार नाही. भारतात रंगाचा रकाना लग्नाच्या बायोडाटावर असतो आणि तो आपणच छापून घेतो.