सोळा मिनिटांचा प्रवास

पुण्याचा भाचा नागपूर स्टेशनावर मला भेटला तो मोबाइल पुढे करूनच. आम्हाला गोंदियापलीकडे, बिरसीच्या बाजूला एका लग्नाला जायचं होतं.

"मामा, नागपूर विमानतळ ते गोंदिया विमानतळ, हवाई अंतर १३७ किलोमीटर. ताशी पाचशेने सोळा मिनिटं!"

"आणि विमान?"

"ते दाखवत नाही."

दाखवेल कुठून? १ डिसेंबर २०२३ पासून गोंदियाहून नवं विमान सुरू झालं ते हैदराबादमार्गे तिरुपतीला. हट्टच असेल तर नागपूरहून हैदराबादला जायचं आणि तिथून उलटं गोंदियाला यायचं. साडेनऊशे किलोमीटर आकाशात, कशासाठी, तर मधला आमचा भंडारा जिल्हा ओलांडायला! काखेत कळसा आणि हैदराबादला वळसा.

या विषयावर आम्ही भंडारेकर जरा हळवे आहोत. गोंदिया विमानतळाची, म्हणजे बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये युद्धासाठी बांधली, तेव्हा ती आमच्याच जिल्ह्यात होती. १ मे १९९९ ला वाटणी झाली आणि गोंदिया वेगळा निघताना विमानतळ घेऊन गेला. आमच्याकडे राहिली पितळेची भांडी, तुमसरचं मँगनीज आणि वैनगंगेचा पूर. धाकटा भाऊ नेमकी म्हैस नेतो, तसंच. तेव्हा ती भाकड होती म्हणून कोणी भांडलं नाही. नियमित प्रवासी विमानं यायला २०२२ उजाडलं, आणि मग आम्हाला तिच्या दुधाची आठवण व्हायला लागली.

गाडी सुटताच भाच्याने घड्याळ लावलं. सोळा मिनिटांनी ते वाजलं.

"मामा, आपण आत्ता उतरलो असतो!"

आम्ही कामठीच्याही अलीकडे, एका मालगाडीला मान देत उभे होतो. समोरच्या आजीबाईंनी पुऱ्यांचा डबा उघडला.

"सोळा मिनटात?" त्या म्हणाल्या. "मंग डबा कवा खाचा गा?"

प्रश्न बिनतोड होता. नकाशावर पट्टी ठेवली तर विमानाची रेघ मोहाडी आणि तिरोड्यावरून जाते. त्या वेगाने अख्खा मोहाडी तालुका आजीबाईंच्या एका पुरीत संपला असता. आमच्या वेगाने डबा संपला, लोणचं संपलं, मग कुठे भंडारा रोड आलं.

"हेच तुमचं गाव?"

"नाही. ही वरठी. भंडारा इथून दहा-बारा किलोमीटर."

"मग स्टेशनाला भंडारा का म्हणतात?"

"भंडारा कुठे म्हणतात? भंडारा रोड म्हणतात."

"म्हणजे विमानतळ गोंदियाला, स्टेशन वरठीला. भंडाऱ्यात आहे काय?"

"आम्ही आहोत ना," मी म्हणालो. आजीबाईंनी माझ्या बाजूने मान हलवली. भाच्याने मोबाइल खिशात टाकला तो वैनगंगेचा पूल येईपर्यंत काढला नाही. मग फोटोसाठी काढला, तेवढ्यात पूल संपला.

गोंदियाला ऑटो केला. बिरसी जवळ आली तसं वर एक छोटं विमान घरघरलं. इथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. विमान उतरलं, धावपट्टीला टेकलं न टेकलं तोच पुन्हा वर गेलं आणि गोल फिरून परत आलं.

भाचा हरखला. "दादा, हे कुठे जातं?"

ऑटोवाल्याने मान बाहेर काढून वर पाहिलं. "कुठीच नाई जात भाऊ. दिवसभर उडते आन् इथंच येते."

"किती वेळ लागतो?"

"ते नाई माहीत. आपले तीनशे झाले."