किलोला दहा लाख डॉलर

"आधी तो कागद इकडे दे बघू," मावशी म्हणाल्या आणि जास्वंदीची फांदी सारून त्यांनी भिंतीवरून हात पुढे केला. पेपरात घालून आलेलं पत्रक होतं ते. मालिकेतल्या एका नटीचे दोन फोटो, आधीची गरगरीत आणि आताची शेलाटी. खाली तीन महिन्यांचं पॅकेज, तीस हजार. मी आपलं सहज विचारलं होतं, जाऊ का म्हणून.

मावशींनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "हिनं तीस हजार भरलेत असं वाटतं तुला? अगं, हिला भरलेत."

झालं. न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे सहा महिने राहून आल्यापासून मावशींचा कुठलाही विषय एडिसनमार्गेच जातो. मागच्या आठवड्यात कोथिंबीरसुद्धा गेली होती.

"ओप्रा विन्फ्री माहितीय ना, तिथली टीव्हीवाली? १९८८ साली तिनं आपल्या कार्यक्रमात लाल हातगाडीतून चरबी ओढत आणली होती. खरीखुरी, जनावराची. ६७ पौंड! चार महिने नुसतं पावडरीचं पाणी पिऊन तेवढं उतरवलं, ते दाखवायला."

"म्हणजे किती किलो हो?"

"तीस. दोन सिलिंडरमधला गॅस धर."

मागच्या दाराशी रिकामा सिलिंडर उभा होता. त्याच्याकडे बघून मी उगाचच पोट आत घेतलं.

"आणि मग नीट जेवायला लागली तशी गाडी भरून परत. तिनंच सांगितलं पुढे, लपवलं नाही. बाई सरळ आहे हो. पण व्यवहाराला पक्की! २०१५च्या ऑक्टोबरात तिनं वजन उतरवून देणाऱ्या वेट वॉचर्स कंपनीत दहा टक्के हिस्सा घेतला, चार कोटी तीस लाख डॉलरना. त्याच दिवशी शेअर दुपटीच्या वर. पुढच्या जानेवारीत जाहिरात आली, रोज ब्रेड खाते आणि तरी २६ पौंड उतरले म्हणून. शेअर पुन्हा उसळला. एका दिवसात तिच्या हिश्शाचे कागदावर एक कोटी वीस लाख डॉलर वाढले असं पेपरांत आलं होतं."

२६ पौंड म्हणजे बारा किलो. मी बोटांवर हिशेब केला. किलोला दहा लाख डॉलर! या भावानं मीही रोज ब्रेड खाईन, वर लोणी लावून.

"तोंडावर रंग लावून बारीक व्हायला पैसे देतात तिथे," मावशी म्हणाल्या. "तो बास्केटबॉलवाला चार्ल्स बार्कली, वेट वॉचर्सच्याच जाहिरातीत होता, २०१२ मध्ये माईक चालू आहे हे विसरून बोलून गेला. खेळ बघायचे पैसे मिळतात हीच मोठी लबाडी वाटायची, ही त्याहून मोठी निघाली म्हणे. कंपनी हसून मोकळी झाली."

आतून आमचे हे ओरडले, "आपल्याकडे कायदा आहे, २०१९चा! खोट्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास!" पेपर वाचतात म्हणायचे, कान सगळा भिंतीशी.

"खोटं कोण म्हणतंय?" मावशींनी खिडकीकडे बघून सांगितलं. "बारीक झालीच असेल ती. पण हिच्या स्वयंपाकाला कोण, व्यायामाला कोण, ते छापलंय का कुठे?" मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून, "२०२३च्या डिसेंबरात ओप्रा म्हणाली, मी वजनाचं औषध घेते. फेब्रुवारीत म्हणाली, कंपनीची संचालक म्हणून पुन्हा उभी राहणार नाही. शेअर धाडकन खाली. तिनं आपला हिस्सा वॉशिंग्टनच्या एका संग्रहालयाला देऊन टाकला. लोक आधीच इंजेक्शनांकडे वळलेले. २०२५च्या मे महिन्यात कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात."

"बुडाली?"

"छे! कर्ज छाटून बाहेर आली. पण मला वाईट वाटलं ते त्या पहिल्या बाईसाठी."

ही पहिली बाई जीन नायडेच, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली गृहिणी. वजन ९७ किलो. एक दिवस दुकानात ओळखीच्या बाईनं कौतुकानं विचारलं, कितवा महिना? ती तडक सरकारी दवाखान्यात गेली, आहाराचा तक्ता आणला. बाकी सगळं पाळलं, पण बिस्किटं सुटेनात. धुण्याच्या टोपलीत लपवून ठेवायची आणि रात्री खायची. दवाखान्यातल्या बाईला हे सांगायची लाज वाटायची. म्हणून १९६१ मध्ये सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांना सांगितलं. तर प्रत्येकीची एकेक टोपली निघाली! दोन वर्षांनी त्याचीच वेट वॉचर्स कंपनी झाली.

"मग नटी कशाला लागली?" मी म्हटलं.

"तेच तर." मावशींनी पत्रकाची चौकोनी घडी घालून तुळशीच्या कुंडीखाली सरकवली. कुंडी डुगडुगत होतीच. "सहाजणी, हातात चहा, एवढंच भांडवल. बरं, खरं सांग, काल रात्री तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा साडेअकराला का लागला होता?"

मी खिडकीकडे बघितलं. आत पेपराची सळसळ थांबली होती.

"शेव," मी हळूच म्हटलं. "वॉशिंग मशीनच्या मागे डबा आहे."

मावशींनी इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीवर कोपर टेकून वाकल्या. "आमचा तांदळात असतो. पण उंदरांनी शोधलाय गं."