ठोकळ्यांवरचं बाळंतपण

अ‍ॅमस्टलव्हेन, नेदरलँड्स

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

मायलेकी खुशाल आहेत. फोनवर मी एक वाक्य बोललो की तू तीन प्रश्न विचारतेस, मागून अण्णा चौथा टाकतात आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून हे सविस्तर पत्र. शेजारच्या काकूंना वाचून दाखवायला हरकत नाही. धुरीचा भाग मात्र गाळ.

तुझी मुख्य काळजी अशी, की सासूबाईंचं तिकीट पुढच्या महिन्याचं आणि कार्टी आधीच टपकली, तर बाळंतिणीचं करतंय कोण? तर बाई आहे. इथे सगळं सुरळीत झालं की काही तासांत दवाखान्यातून घरी पाठवतात आणि पाठोपाठ घरी येते ती या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई. या व्यवस्थेला 'क्रामझोर्ख' म्हणतात. शेवटचा 'ख' घसा खाकरून म्हणायचा. साधारण आठ दिवसांत मिळून 49 तास; गरजेप्रमाणे कमीत कमी 24, जास्तीत जास्त 80. खर्च आरोग्यविम्यातून होतो, आपल्या खिशातून तासाला पाचएक युरो. त्याचे रुपये करू नकोस, अण्णांनाही करू देऊ नकोस.

बाई यायच्या आधी हुकूम आला, की पलंग ठोकळ्यांवर चढवा. मला वाटलं बाळंतिणीसाठी असेल. छे! बाईला वाकून वाकून कंबरदुखी होऊ नये म्हणून. काम करणाऱ्याच्या तब्येतीचे नियमच इथे तसे आहेत. आपल्याकडे न्हाऊ घालायला येणाऱ्या सखूबाईंच्या कमरेची चौकशी कोणी केली होती का गं? आता तुझी सून सिंहासनावर बसल्यासारखी वर बसते आणि तिथून मला फर्मानं सोडते.

आम्ही त्या बाईंना मावशीच म्हणतो. पाऊस असो, वारा असो, सकाळी ठरल्या मिनिटाला त्यांची सायकल दारात. आत आल्या की आधी हात धुणार आणि मग थेट बाळंतिणीला विचारणार, "झोप लागली का?" बाळाचा नंबर दुसरा. आपल्याकडे येणारा-जाणारा आधी पाळण्यात डोकावतो आणि नाक कोणाचं यावर वाद घालतो. या बाई आईचा ताप बघतात, नाडी बघतात, टाके बघतात आणि सगळं एका वहीत टिपून ठेवतात. मग बाळाचं वजन. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते जरा उतरलं. व्हिडिओवर बघून तू "पोर वाळलं गं बाई" म्हणालीस ना, ते हेच. मावशी म्हणाल्या, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी घाबरायचं नाही, पुढे भरून निघतं. निघालंही.

आता शेक-शेगडी. सुनेला शेक मिळाला नाही, पण बाळाला मिळाला. इथे पत्र्याची गरम पाण्याची बाटली असते. मावशी तीत उकळतं पाणी काठोकाठ भरतात, झाकण आवळतात, उलटी धरून गदागदा हलवतात आणि टॉवेलवर ठेवून थेंब गळतोय का ते बघत उभ्या राहतात. मग तिला लोकरी पिशवी चढवून पाळण्यात ठेवतात, झाकण पायांकडे, बाळापासून हातभर नाही पण वीतभर लांब. उशी नाही, गोधडी नाही, बाळ उताणं. तू पाठवलेली मोहरीची उशी मावशींनी कौतुकाने हातात घेऊन दाबून पाहिली आणि खिडकीत ठेवून दिली. कुंचीचा मात्र फोटो काढून घेतला.

धुरीचं सांगतो. तुझ्या पुडीतला ओवा, शेपा, वावडिंग सगळं आहे. पण 1 जुलै 2022 पासून इथे घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा लावणं सक्तीचं आहे. फोडणीत मिरची जरा जास्त पडली तरी ती कोकलते. धुरी दिली तर अख्खा जिना खाली उतरेल. त्यातून मावशी खिडकी उघडी ठेवणाऱ्या. बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरू न देणं हा तुझा धर्म, आणि शुद्ध हवा आत घेणं हा त्यांचा. सून कानाला रुमाल बांधून उघड्या खिडकीशी बसते. दोन्ही धर्म राखले.

पण एका बाबतीत तुम्हा दोघींचं गोत्र एकच. इथे बाळ झालं की खडखडीत गोल रस्कवर लोणी फासून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेप पेरतात. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. 1938 साली राजकन्या बीट्रिक्स जन्मली तेव्हा नारिंगी निघाली होती. बडीशेपेने दूध वाढतं, असं मावशी म्हणाल्या. मी डबा काढून तुझी बाळंतशेप दाखवली. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली, मान डोलावली आणि आणखी चिमूटभर घेतली. डिंकाचे लाडूही पसंत पडले. परवापासून भेटायला येणाऱ्याला एक रस्क, एक लाडू अशी पंगत चालू आहे. अर्धा तास झाला की मावशी पाहुण्यांचे कोट आणून हातात देतात. हे मला फार आवडलं.

बारशाचं ताईला तूच समजाव. इथे तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन नाव लिहून द्यावं लागतं. "आमच्याकडे बाराव्या दिवशी आत्या ठेवते" हे कारण नोंदवायला त्यांच्या फॉर्मात रकाना नाही. कागदावर नाव लागलंय; ताईने बाराव्या दिवशी तेच बाळाच्या कानात सांगावं, व्हिडिओवरून का होईना. पाठीवरचे धपाटे मात्र तिने इथे आल्यावरच वसूल करावेत.

आता खरं सांगायचं ते. मावशी स्वतः कमी करतात आणि माझ्याकडून जास्त करून घेतात. पहिल्याच दिवशी लंगोट माझ्या हातात देऊन स्वतः हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. अंघोळ मी घालतो, ढेकर मी काढतो, तापमान मी बघतो. बापाला जन्माच्या वेळी एक आठवड्याची भरपगारी रजा आहे आणि पहिल्या सहा महिन्यांत आणखी पाच आठवड्यांची, सत्तर टक्के पैशांवर. माझ्या वेळी अण्णा बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावरून "कसं आहे?" विचारून कचेरीत गेले, असं तूच सांगतेस. त्यांनाही कोणी हातात लंगोट दिला नव्हता. मावशींचं मोठं काम मला तरी हेच वाटतं. उद्या त्या गेल्या तरी घर अडणार नाही.

तेव्हा तू आणि सासूबाई याल तेव्हा अळीव आणा, सुंठ आणा, मऊ जुनी लुगडी आणा. पण मी बाळाला घेतलं की "दे इकडे, तुला नाही जमायचं" म्हणू नका. जमतंय मला.

अण्णांना नमस्कार.

तुझा,
बाबू