किती मार्काला?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर शुगरच्या गोळ्यांची जुनी पावती येऊन पडते. पावतीच्या पाठीवर निळ्या पेनानं नेफ्रॉनची आकृती काढलेली असते. चार बाण, तीन नावं, चौथी जागा रिकामी.

"हे भर, मंग गोळ्या दे," सर म्हणतात.

मागं दोन गिऱ्हाइकं खोकत उभी असतात. मला दहावी होऊन २३ वर्षं झाली, तरी हात मुकाट्यानं पेनाकडे जातो. 'बोमन संपुट' असं लिहून मी पावती पुढं सरकवतो. सर चष्मा कपाळावर चढवून पाहतात. "उत्तर बरोबर. अक्षर तेच, कोंबडी नाचल्यावानी. अर्धा मार्क कमी."

सरांचं खरं नाव फक्त निवडणुकीच्या यादीत असेल. चिखली-मेहकर रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या गावांत ते 'किती मार्काला सर' म्हणूनच ठाऊक. असा एक मास्तर घाटावरच्या प्रत्येक मोठ्या गावात सापडतो म्हणा. विषय जीवशास्त्र, धंदा उजळणी. शिकवण्यापेक्षा उजळणीवर त्याचा जीव जास्त, कारण शिकवताना पोरं नवी असतात आणि उजळणीला आपली झालेली असतात. (हे माझं मत. सरांना विचारलं तर म्हणतील, मत नको, मुद्दे लिही.)

त्यांच्या लेखी जगात प्रसंग तीनच प्रकारचे: एका वाक्यात उत्तर, शास्त्रीय कारण आणि नामनिर्देशित आकृती. लग्नाचं आमंत्रण आलं, बैल आजारी पडला, पुतण्या पोलीस भरतीत राहून गेला, काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "किती मार्काला?" म्हणजे, थोडक्यात सांगतोस की सविस्तर? काकूंनी भांडण काढलं तरी तेच. "आधी सांग, किती मार्काचं आहे. तेवढंच बोलतो." यावर काकू एकदा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "तुम्ही ऑप्शनला टाकायच्या लायकीचे आहात!"

सर मूळचे घाटाखालचे, जळगाव जामोदकडचे. नोकरीनं घाटावर आले, पण बोली खालीच ठेवली नाही. जानेवारी लागला की पहाटे साडेपाचला त्यांचे जादा तास सुरू व्हायचे. फी नाही, सुट्टी नाही, दयामाया नाही. घाटावरची थंडी, आम्ही कानाला मफलर गुंडाळून बाकांवर, आणि सर म्हणायचे, "सांगा पोट्टेहो, शेगावची कचोरी कोणी कोणी खाल्ली?"

उपाशीपोटी, पहाटे, कचोरी! अख्ख्या वर्गाच्या तोंडाला पाणी सुटायचं. "सुटलं ना पाणी? कचोरी कुठं हाय? शेगावला. लाळ कुठं हाय? इथं. एवढं ध्यानात ठेवा, पावलॉव्ह झाला." मग ती कचोरी तोंडातून निघायची. लाळेतलं टायलिन तिच्या मैद्याला भिडायचं, जठरात आम्ल आणि पेप्सिन आतल्या डाळीवर तुटून पडायचं. तेलाची जबाबदारी पित्तरसाची. "पित्त तेल पचवत नाही बे, फक्त त्याचे बारके थेंब करते. पचवनारं लायपेज. कार्यकर्ते वेगळे, अन् भाषण करनारा वेगळा." लहान आतड्यासाठी सरांकडे सुमारे सहा मीटरचा बैलाचा दोर होता. एक टोक फळ्याच्या खिळ्याला, दुसरं दाराबाहेर पेरूच्या झाडाला. "एवढं तुह्या पोटात गुंडाळून ठेवलं हाय," ते एखाद्या किडकिडीत पोराला सांगायचे, आणि ते पोर दिवसभर पोट धरून फिरायचं.

रक्ताभिसरण एसटीवर. चिखलीचा बसस्टँड म्हणजे हृदय. गावागावांतून थकलेली, धुरकटलेली गाडी स्टँडवर येते, तिथून घाटमाथ्यावर बुलढाण्याला जाते. तिथली हवा थंड, स्वच्छ, म्हणून बुलढाणा म्हणजे फुप्फुस. हवा खाऊन गाडी परत स्टँडवर येते आणि मग पुन्हा खेड्यापाड्यांत सुटते. "एका फेरीत स्टँड कितीदा लागला? दोनदा. म्हनून दुहेरी अभिसरण." झडपा म्हणजे कंडक्टर, डबल बेल दिली की गाडी मागं येत नाही. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला लाखावर होतात, हा गुणाकार सर आमच्याकडून बोटांवर करून घेत. एवढं झाल्यावर हृदयाची आकृती जन्मात चुकणार नाही असं वाटायचं. चुकली नाहीच. फक्त आमच्यातल्या एकानं बोर्डाच्या पेपरात लिहिलं की ऑक्सिजनयुक्त रक्त बुलढाण्याहून येते. केंद्राबाहेर येऊन त्यानं हे कबूल केलं तेव्हा सर क्षणभर गप्प बसले. "अमरावती विभागाचा पेपर तपासनीस बुलढान्याचा असला तं देईल मार्क," ते म्हणाले.

मूत्रपिंडाच्या तासाला मात्र दोर नाही, एसटी नाही, विनोद नाही. सर स्वतः खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि मूत्रपिंडाच्या आजारानं खचलेली घरं त्या भागात बोटानं दाखवता येतात. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, हा आकडा सर फळ्यावर पूर्ण शून्यांसकट लिहायचे आणि तसाच ठेवायचे, पुढच्या तासाच्या मास्तरांनाही पुसू द्यायचे नाहीत. अजून माझ्या पावतीवर नेफ्रॉनच येतो, हृदय येत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

आनुवंशिकतेचं प्रात्यक्षिक करायला सरांनी एकदा किराणा दुकानातून दोन किलो वाळका वाटाणा आणवला. मेंडेलनं ७,३२४ दाणे मोजले होते, ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. आम्हीही मोजायला बसलो. तासाभरानं निकाल लागला: सगळे गोल, सुरकुतलेले अकरा. दुकानदारानं माल आधीच चाळून ठेवलेला. "हा मानूस मेंडेलच्या विरोधात हाय," सर गंभीरपणे म्हणाले आणि वाटाणा घरी उसळीला गेला.

मेंडेल त्यांचा खास माणूस. चाचणीत नापास झालेल्या पोराला ते बाजूला घेत. "मेंडेल १८५० साली मास्तरकीच्या परीक्षेत नापास झाला. १८५६ साली पुन्हा बसला, पुन्हा नाही जमलं. १८६६ साली त्याचा निबंध छापून आला, अन् १९०० सालापर्यंत कोणी ढुंकून पाह्यलं नाही. पन पुस्तकात फोटो कोनाचा हाय? त्याचा का परीक्षकाचा?" पोरगं डोळे पुसायचं. मग सर हळूच जोडायचे, "पन त्यानं दाने मोजले होते. तू काय मोजतं बे? खिडकीतून गाड्या?"

बारशातला किस्सा तर गावाला पाठ आहे. एका घरी तिसरी मुलगी झाली. आजीबाईंचं तोंड सकाळपासून कडू, सून कोपऱ्यात मान खाली घालून. घुगऱ्या वाटल्या जात होत्या. सर उठले, दोन ताटं मागवली. एका ताटात नुसते हरभरे, दुसऱ्यात हरभरे आणि गहू. "आजी, हे ताट सुनेचं. हरभराच हरभरा, म्हंजे एक्स. हे ताट तुमच्या पोराचं. हरभरा बी हाय, गहू बी हाय, म्हंजे वाय. पोरगा व्हायले गहू लागते. सांगा, गहू कोनाच्या ताटात हाय?"

मांडवात कुणी खोकलंही नाही. आजीनं दोन्ही ताटं नीट पाहिली. मग मुलाकडे पाहिलं. "म्हंजे खोट माह्याच पोराची म्हना ना!"

"खोट कोनाचीच नाही आजी. नानं उडवल्यावानी हाय."

नाण्याचा भाग आजीनं ऐकलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं सुनेऐवजी मुलाला टोमणे मारायला सुरुवात केली. सरांचा शेरा: "निम्मं उत्तर बरोबर. एक मार्क द्याले हरकत नाही." ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं नऊशेही मुली भरल्या नाहीत, तिथं हा एक मार्क मला कमी वाटत नाही.

परिसंस्थेच्या धड्याला सर वर्ग बाहेर काढायचे, शेताच्या बांधावर. लिंडमननं १९४२ साली मांडलेला दहा टक्क्यांचा नियम समजावत होते: एका पोषणपातळीवरून वरच्या पातळीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते, बाकी वाटेत जाते. मागून एक पोरगा म्हणाला, "सर, आमच्या सोयाबीनच्या पैशाचं बी तसंच होते." सरांनी त्याला तिथंच पैकीच्या पैकी दिले. विघटकांचा धडा तेवढा ते नेहमी घाईत उरकायचे. मयतीला गेले की मागं उभे राहतात, कुणाला काही विचारत नाहीत.

मग वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला एक तरुण नर, गळ्यात रेडिओ कॉलर, तेलंगणाची हद्द ओलांडून, शेतं-नाले-रस्ते तुडवत १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. जिल्हाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे रोही-डुकरांचा बंदोबस्त झाला, कुणी म्हणे रात्री पाणी द्यायला आता कोण जाणार. सर माझ्या काउंटरवर आले ते प्रश्न घेऊनच. "शास्त्रीय कारन दे. अन्न हाय, पानी हाय, जंगल हाय. तरी वाघ अस्वस्थ का?"

मी म्हटलं, "वाघीण नाही, सर."

"शाब्बास. आता सांग, एका वाघाले लोकसंख्या म्हनता येते का?"

गिऱ्हाईक वाट पाहत होतं, मी नाही म्हणालो. "मंग त्याले काय म्हनायचं?" सर पुटपुटले आणि गोळ्या न घेताच गेले. उत्तर त्यांनाही सापडलं नसावं. पुढच्या महिन्यात त्या प्रश्नाचा विषय त्यांनी काढला नाही.

खरी पंचाईत झाली ती २०२० च्या जूनमध्ये. लोणारचं सरोवर गुलाबी झालं. सर दरवर्षी पोरांची सहल तिथं नेणारे. विवराच्या पायवाटेनं उतरायचं, गंधकाच्या वासानं नाकं दाबायची, साबणासारखं बुळबुळीत पाणी बोटांवर चोळायचं आणि लिटमस निळा होताना पाहायचा. त्यांच्या सहलीचा क्रमसुद्धा मुद्द्यांत लिहिलेला: निर्मिती, पाणी, वनस्पती, प्राणी, डबा. आणि आता त्या पाण्यानं रंगच बदलला. सर एका जुन्या विद्यार्थ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जाऊन पाहून आले. परत आले ते सरळ दुकानात.

"पुस्तकात नाही हे," ते म्हणाले. आवाजात तक्रार होती, की कौतुक, मला नीट कळलं नाही.

पुढं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटलं, क्षार वाढले, ऊन तापलं, आणि मिठातच सुखानं राहणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी आपलं गुलाबी रंगद्रव्य पसरवलं, असं निघालं. सरांनी बातमीचं कात्रण पाकिटात ठेवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर स्थळांच्या यादीत गेलं, तेही कात्रण शेजारी बसलं. मी सहज विचारलं, "सर, किती मार्काला येईल हे?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "याले मार्क ठरवता येत नाही. आधी पेपर काढनाऱ्यानं इथं येऊन कठड्यावर उभं राहावं. मंग पाहू."

सर २०२१ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या शेवटच्या तुकडीची परीक्षाच झाली नाही. कोरोनामुळं बोर्डानं दहावी रद्द केली. तेहतीस वर्षं उजळणी घेणाऱ्या माणसाच्या शेवटच्या वर्षी पेपर नाही! सरांना कळवायला मीच फोन केला होता. "बरं," ते म्हणाले, आणि संध्याकाळपासून एकेका पोराला फोन लावून तोंडी घ्यायला लागले. पेशी, आनुवंशिकता, सूक्ष्मजीव, सगळं, क्रमानं. कुणाच्या घरी फोन एकच, तो बापाजवळ, बाप शेतात. मग सरांनी बापालाच विचारून घेतलं, तंतुकणिका म्हणजे काय. तीन बापांना आलं, असं त्यांनी नंतर अभिमानानं सांगितलं. जुलैत निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. सर वर्तमानपत्र घेऊन दुकानात आले, आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे शून्य पूर्णांक शून्य पाच टक्के कोन बे? परीक्षाच नाही, तरी राह्यले? भेटले पाह्यजेत हे पोट्टे."

परवा पुन्हा आले. पावती, आकृती, तीन नावं. मी चौथं भरलं, गोळ्या दिल्या. स्वादुपिंडातली लँगरहॅन्सची द्वीपके, त्यातल्या बीटा पेशी, इन्सुलिन, हे सगळं त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं, आणि माझं एक उत्तर खोडलंसुद्धा. मग पाठ फिरवून समोरच्या हॉटेलात गेले. काचेच्या कपाटाजवळ उभे राहून त्यांनी बोटानं काहीतरी दाखवलं. पोऱ्यानं ताटलीत गरम जिलेबी घातली, दोन वेटोळी, वर आणखी एक.

मी काउंटरवरूनच ओरडलो, "सर! शुगर! किती मार्काला?"

त्यांनी मागं न वळता हात वर केला.

"ऑप्शनला टाकली!"