उणे चाळीस

मोटारीच्या फलकावर पूर्वी उष्णतामान दाखवणारा एक काटा असे, आणि खंबाटकीचा घाट चढताना मालकाची एक नजर रस्त्यावर असली तर दुसरी त्या काट्यावर खिळलेली असे. पुढे कारखानदारांना असे वाटू लागले असावे की ग्राहकाला इतके कळण्याची काही जरूर नाही; म्हणून आजच्या पुष्कळ गाड्यांतून तो काटा हद्दपार होऊन त्याच्या जागी एक निळा आणि एक तांबडा असे दोन दिवे आले आहेत. इंजिन थंड असता निळा लागतो, हाताबाहेर तापले की तांबडा लागतो, आणि मधल्या विस्तीर्ण प्रदेशात काहीच लागत नाही, म्हणजे सर्व क्षेमकुशल आहे असे आपण श्रद्धेने मानायचे. ज्याची सारी हयात दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात गेली, पावतीवाचून ज्याने कोणाचा एक रुपया मंजूर केला नाही, त्या माझ्यासारख्या निवृत्त लेखापरीक्षकाला असली श्रद्धा पेलत नाही.

सुदैवाने (त्या वेळी मला ते सुदैवच वाटले) हल्लीच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास, सोळा खाचांचे एक सॉकेट असते, ज्याला गॅरेजवाले ओबीडी म्हणतात आणि ज्यात स्कॅनर खुपसून गाडीच्या पोटातली दुखणी वाचतात. अमेरिकेत १९९६ सालच्या गाड्यांपासून ह्या पद्धतीची दुसरी आवृत्ती सक्तीची झाली. आपल्याकडे पहिला टप्पा २०१० च्या एप्रिलात आणि दुसरा २०१३ च्या एप्रिलात आला. त्यामागे सरकारचा हेतू धुरातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर पाळत ठेवण्याचा होता. पेन्शनर गृहस्थांची जिज्ञासा शमवावी असा उद्देश कोणत्याही राजपत्रात नमूद असल्याचे माझ्या वाचनात नाही. तथापि बाजाराने तो हेरला, आणि त्या सॉकेटात वायर खोचली की उष्णतामान, बॅटरीचा दाब व इंजिनचे फेरे अंकांत दाखवणारे, तळहातात मावेल एवढे एक यंत्र मी एके दिवशी घरपोच मागवले.

प्रारंभी त्याने माझी निराशा केली नाही. फलकावर ८८ आले, ८९ आले, ९० आले, आणि पंखा सुरू होताच आकडा अदबीने दोनतीन अंशांनी खाली उतरला. मी समाधानाने स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो. मे महिना होता, डांबर वितळायच्या बेतात होते, शेजारच्या रिक्षावाल्याने डोक्यावर ओला रुमाल टाकला होता. आणि अशा मुहूर्तावर त्या यंत्राने माझ्या इंजिनातील पाण्याचे उष्णतामान उणे चाळीस अंश असल्याचे जाहीर केले. पाहता पाहता ते पुन्हा नव्वद झाले, आणि सिग्नल हिरवा होण्याच्या आत फिरून उणे चाळीस.

उणे चाळीस हा आकडा मोठा खानदानी आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन घराणी, ज्यांचे पाणी गोठण्यावर एकमत नाही की उकळण्यावर नाही, ती ह्या एकाच बिंदूवर परस्परांना आलिंगन देतात. पण स्वारगेटला तो बिंदू कसा अवतरावा, ह्याचा उलगडा होईना.

आमच्या सोसायटीत मोटारीविषयी मत नसलेला पुरुष राहत नाही. एकाने थर्मोस्टॅट अडकल्याचे निदान केले. दुसऱ्याने कूलंटमध्ये हवा शिरल्याचे सांगितले. तिसऱ्याने, ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही आणि म्हणूनच ज्यांचे विचार निःपक्षपाती मानले जातात, ‘अर्थिंग’ एवढा एकच शब्द उच्चारून सूचक मौन धारण केले. मी मात्र पुराव्यावाचून कोणालाच दोषी धरायचे नाही, ह्या सरकारी शिरस्त्यास अनुसरून एक वही घातली. गाडी उभी असता उणे ४०. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत, काट्यावर ताशी १० चा वेग असता उणे ३०. सिंहगड रस्त्यावर ३० च्या वेगात उणे १०. कात्रजच्या बोगद्यापाशी ६० ची चाल असता अधिक २०. मधूनमधून अर्थात खरे नव्वद येतच होते. नोंदी सुवाच्य अक्षरात होत्या, रकाने आखलेले होते, आणि त्यांतून कसलाही अर्थ निष्पन्न होत नव्हता.

ह्याच सुमारास बंगळूरहून आमच्या चिरंजीवांचे फोन वाढले. एरवी रविवारी क्षेमसमाचार विचारणारा हा मुलगा आता भर दुपारी फोन करून, ‘बाबा, गाडी जरा सावकाश चालवत जा’ असे गंभीर स्वरात सांगू लागला. आयुष्यात ज्याला मागच्या ट्रकने हॉर्न दिला नाही असा दिवस विरळा, त्या मला हा उपदेश काव्यात्मच वाटला. सौ. मात्र अशा वेळी हटकून स्वयंपाकघरात काहीतरी निवडायला घेत.

शेवटी प्रकरण मेस्त्रींकडे गेले. हे मेस्त्री वयाने तरुण, बोलणे मोजके आणि बोटे काळी. त्यांनी वही आदराने पाहिली, आदरानेच बाजूला ठेवली आणि म्हणाले, “काका, सेन्सरची वायर निघाली ना, की स्कॅनरवर उणे चाळीसच येतं. पण मग चेक इंजिनचा दिवा लागला असता, आणि फॅन थांबायलाच तयार झाला नसता.” दिवा लागला नव्हता आणि फॅन शहाण्यासारखा वागत होता, तेव्हा सेन्सर निर्दोष सुटला. मग त्यांनी मीटर काढला. सोळाव्या खाचेत बॅटरीची धन बाजू येते, चौथीत आणि पाचवीत अर्थिंग, तिथे १२.५ व्होल्ट निघाले, इंजिन सुरू करताच १४ च्या वर गेले, म्हणजे सोसायटीतल्या त्या मितभाषी गृहस्थांचा सिद्धांतही निकाली निघाला. सहाव्या आणि चौदाव्या खाचेतून कॅन नावाची, बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ती जोडवायर जाते, जिच्यावरून गाडीतली सारी खाती एकमेकांशी बोलतात. तिच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो, म्हणून किल्ली काढून मोजले असता मध्ये साठ यावेत. साठ आले. पुढे त्यांनी माझे यंत्र काढून आपला स्कॅनर लावला, तर त्यावर ९१, ९२, ९१ असे, क्वचित एखाद्या क्षणाच्या अडखळण्याखेरीज, सरळ आकडे. आणि माझे यंत्र त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीला लावले, तर तेही सोज्ज्वळपणे खरे बोलू लागले. गाडी निर्दोष, यंत्र निर्दोष, आणि दोघे एकत्र आले की उणे चाळीस.

मेस्त्री क्षणभर थबकले, मग त्यांनी पाठ सीटच्या पायघडीवर टेकवली, डोके ब्रेकच्या पेडलपाशी नेले आणि दातांत बॅटरी धरून वर पाहू लागले. माझ्या वाट्याला त्यांचे फक्त गुडघे आले होते. काही वेळाने आतून आवाज आला, “काका, हे सॉकेट कंपनीचं नाही.”

जे सॉकेट मी गाडीचे म्हणून समजत होतो, ते काळ्या टेपने गुंडाळलेल्या एका दुतोंडी वायरचे टोक होते. खरे सॉकेट आत दडलेले होते, आणि त्या वायरच्या दुसऱ्या तोंडाला काडेपेटीएवढी एक काळी डबी, हिरवा डोळा मिचकावत, टायपट्टीने जखडलेली होती. “ट्रॅकर आहे,” मेस्त्री म्हणाले. “गाडी कुठं आहे, किती स्पीडनं चाललीय, सगळं मोबाइलवर दिसतं. कुणी लावला?”

मागच्या सीटवरून सौ. म्हणाल्या, “अहो, दिवाळीत आला होता ना तो...”

चिरंजीवांना तिथल्या तिथे फोन लावला. प्रारंभीची सारवासारव संपल्यावर, आणि वडिलांच्या वयाविषयीची काही अनावश्यक विधाने झाल्यावर, मी त्यांना वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. पलीकडे शांतता पसरली. मग तो म्हणाला, “बाबा, प्रत्येक आकड्यात चाळीस मिळवून पाहा.”

मिळवले. उभी असता ०, लक्ष्मी रस्त्याला १०, सिंहगड रस्त्याला ३०, कात्रजला ६०. तो गाडीचा वेग होता.

ह्यातली मेख अशी की इंजिनचा संगणक म्हणजे एका खिडकीच्या कचेरीतले कारकून. खिडकीशी अर्ज आला की ते दप्तर उघडतात आणि उत्तर मोठ्याने पुकारतात. त्यात कलमाचा क्रमांक असतो, पण अर्जदाराचे नाव घेण्याचा रिवाज नाही. सुज्ञ अर्जदार क्रमांक ऐकून आपले तेवढे उत्तर उचलतो. माझे यंत्र आणि चिरंजीवांची डबी हे दोघेही, स्वस्त असल्यामुळे, जे पहिले पुकारले जाईल ते आपलेच समजत. त्यात उष्णतामानाचा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ ह्यांतच लिहावा लागत असल्याने, बर्फाळ मुलखातले उणे अंशही त्यात मावावेत म्हणून तो चाळीस मिळवून लिहिला जातो आणि वाचणाऱ्याने चाळीस वजा करायचे असतात. डबीने वेग विचारला, उत्तर आले शून्य; माझ्या यंत्राने ते झडप घालून घेतले, इमानेइतबारे चाळीस वजा केले आणि स्वारगेटला बर्फ पाडला.

उलट बाजूचा हिशेब मेस्त्रींनीच बोटांवर केला. पाणी नव्वद अंशांवर असता खिडकीतून १३० असे पुकारले जाते. वेगाच्या कलमात काही मिळवायचे नसते आणि काही वजाही करायचे नसते. तेव्हा मी सिग्नलला रुमाल टाकलेल्या रिक्षावाल्याशेजारी निश्चल उभा असताना, बंगळूरच्या कचेरीत बसलेल्या माझ्या मुलाला आपला बाप पुण्याच्या भर वस्तीतून ताशी १३० किलोमीटरच्या वेगाने चालल्याचे दिसत होते. त्याने पोलिसांना कळवले नाही, ही त्याची सुसंस्कृतता.

एका सॉकेटावर यंत्र आणि डबी ह्यांपैकी एकानेच राहावे, असा मेस्त्रींचा अभिप्राय पडला. तो घरच्या बैठकीत ठरावासाठी मांडला गेला, आणि दोन विरुद्ध एक अशा मताधिक्याने डबी कायम झाली. माझ्याकडे पुन्हा निळा आणि तांबडा दिवा आला आहे. सबब उष्णतामान, बॅटरी व फेरे दाखवणारे एक यंत्र, मूळ खोक्यासह, सर्वथा निर्दोष, निम्म्या किमतीत विकणे आहे. घेणाऱ्याने येण्यापूर्वी आपल्या स्टिअरिंगखाली वाकून, चिरंजीवांनी तिथे काही जोडलेले नाही ना, एवढी खात्री करून घ्यावी.