सेल्फ मार रं!

तलवाड्यात जुना ट्रक पहिल्या सेल्फला चालू झाला तर कुणी मान वर करून बघत नाही. नाही झाला, की नाना येतात. बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना रानात, पंगतीत, दुपारच्या झोपेतही ऐकू येतो. येतात, टायरला एक लाथ घालतात आणि विचारतात, "कामून चालू होईना?"

नाना मिस्त्री नाहीत. त्यांच्याकडे पाना नाही, बोटांना काळं नाही. तरुणपणी ते किन्नर म्हणून एकदा बार्शीपर्यंत गेले होते. त्या खेपेवर बाकीचं आयुष्य निभावून नेलं. समोरचा ट्रक नव्वदच्या दशकातला असला तरी नाना त्याला 'बेंझ' म्हणतात. टाटा आणि डायमलर-बेंझचा करार १९५४ साली झाला आणि १९६९ साली संपला, पण ही बातमी नानांपर्यंत कुणी पोचवलेली नाही.

दसऱ्यानंतर नानांचा हंगाम. गेवराई तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. उचल केव्हाच खर्चून गेलेली. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, शेळी, लेकरं चढलेली. मुकादम घड्याळ बघतोय. आणि पावसाळाभर उभा राहिलेला ट्रक नुसता 'टक्' म्हणतो. सकाळी हाच ट्रक सुरू झाला होता, गेवराईला जाऊन डिझेलही भरून आला होता.

इथं नानांची खरी ताकद दिसते. कायमचा बिघाड मिस्त्रीचा. येऊन-जाऊन असणारा बिघाड नानांचा. कारण असा बिघाड आपोआपही बरा होतो, आणि त्याआधी शेवटचा जो उपाय झाला असेल त्याच्या नावावर जमा होतो. शेवटचा उपाय आपलाच असेल, एवढी काळजी नाना घेतात. "टरमिनलवर गरम पाणी वत." वतलं, पांढरा-हिरवा क्षार निघाला, गाडी सुरू झाली! दुसऱ्या दिवशी परत 'टक्'. नाना शांत. "काल पाणी कोमट होतं."

मग हवा धरली म्हणून फीड पंप हातानं मारून होतो. मग बंपरचं लिंबू वाळलंय, हे कुणाच्याच कसं ध्यानात आलं नाही, यावर चर्चा होते. शेवटी दहा-बारा गडी ढकलायला लागतात आणि नाना सोडून सगळ्यांना घाम येतो.

या सगळ्याचा शत्रू म्हणजे वायरिंगवाल्याचं पोरगं. ते येतं, ड्रायव्हरला हेडलाइट लावायला सांगतं आणि म्हणतं, "सेल्फ मार." सेल्फ मारताच दिवे विझायला आले, तर बॅटरी नाहीतर टरमिनल. दिवे झगझगीत राहिले आणि नुसतं 'टक्' झालं, तर सोलेनॉइड, सेल्फचे कार्बन, नाहीतर अर्थिंग. इंजिन गरागरा फिरून पेटत नसलं, तरच डिझेलकडं बघायचं. जी चर्चा नानांनी जेवणवेळेपर्यंत पुरवली असती, ती दोन मिनिटांत संपते. असल्या वागण्याला नाना 'आजकालची पिढी' म्हणतात.

यंदा दिवे झगझगीत होते. पोरानं मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवायला हवं, तिथं काटा चारावर गेला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. त्यामुळं करंट परत जायला त्याला चेसिसशी जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी लागते. तिचा बोल्ट गंजलेला, आणि वरून कुणीतरी हौसेनं निळा रंग मारलेला. धक्क्यानं पट्टी कधी टेकायची, कधी नाही. पोरानं पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड पांढरंशुभ्र केलं, बोल्ट आवळला. गाडी पहिल्या सेल्फला!

"बंद करून परत मारून दाखव," नाना म्हणाले.

"नाना, आता कारखाना आल्याबिगर ही बंद होत नसती," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.

धूर विरेपर्यंत नाना बघत राहिले. मग टपरीच्या बाकड्यावर बसकण मारून शेजारच्याला म्हणाले, "ही गाडी डिझेल लई खायलीय. कामून, म्हाईत हाय का?"