उसना पूर्वज

२५ जानेवारी १९८८ रोजी रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकी काँग्रेससमोर प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेला साक्षीला काढलं. मोठा देश छोट्या माशासारखा हाताळावा, उगाच उलथापालथ करू नये, एवढंच मतलबाचं उचललं. रेगन यांच्या आठ वर्षांत देशाचं कर्ज जवळपास तिप्पट झालं. मासा छोटा असेल, मसाला भारी पडला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबार्ड यांनी तर लाओत्सेला पहिला लिबर्टेरियनच, म्हणजे सरकारी लुडबुडीचा पहिला विरोधकच, ठरवून टाकलं होतं.

पूर्वज निवडताना कुळाचार तरी बघावा! राजा कर खातो म्हणून प्रजा उपाशी राहते, असं लाओत्सेच्या नावावरचं 'ताओ ते चिंग' सांगतं, हे खरंच. पण प्रजेचं पोट भरा आणि डोकं रिकामं ठेवा, हा सल्लाही त्यातलाच. शेजारगावचा कोंबडा ऐकू यावा, तरी मरेपर्यंत कुणी तिकडे फिरकू नये, हाही. मुक्त व्यापाराचे भक्त ही पानं बहुधा न उघडताच ठेवतात.

या विचाराचा खरा प्रयोग चीनच्या हान राजवटीत झाला. इ.स.पू. १९३ मध्ये त्साओ शेन मुख्य प्रधान झाला आणि दारू पीत बसला. कुणी सल्ला द्यायला आलं की त्याच्याही हातात पेला, तोंड उघडायची सोय नाही. मागच्या बागेशेजारी कारकून पिऊन गात. साहेब झापतील या आशेने त्याला तिकडे नेलं, तर साहेबांनी तिथेच बैठक मांडली आणि सूर मिळवला. तरुण सम्राटाने जाब विचारला. उत्तर तयार होतं: तुम्ही वडिलांपेक्षा थोर नाही, मी आधीच्या प्रधानापेक्षा हुशार नाही; कायदे त्यांनी करून ठेवलेत, आपण गप्प बसू. मला हा माणूस मनापासून आवडतो. वर्षानुवर्षांच्या लढायांनी पिचलेल्या प्रजेलाही तो आवडला.

पण ही सगळी राजाची मर्जी. प्रजेचा हक्क कुठेच नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन, १७८८ मध्ये लिहीत होता ते नेमकं उलटं: राज्य करणारे देवदूत नसतात, तेव्हा त्यांच्या शहाणपणावर विसंबू नका, एका सत्तेवर दुसरी सोडा. लाओत्से राजाच्या कानात बोलतो, मॅडिसन राजाचे हात बांधतो.

इ.स.पू. १४१ मध्ये सम्राट वू गादीवर आला. त्याने लढाया काढल्या, तिजोरी आटली, मग मीठ आणि लोखंड सरकारी मक्तेदारीत घेतलं. घराणं तेच, 'ताओ ते चिंग'ही तेच. अडवणार कोण? त्साओ शेन केव्हाच वारला होता. असता, तरी त्याने वूलाही पेलाच पुढे केला असता.